लाभपाचमीला रिलीझ, पण ड्रायव्हर अजून मर्ज नाही!

वाचकांचे प्रश्न : ओपन सोर्स आणि उद्योग

या वेळची बहुतेक पत्रे बडोद्याची आहेत. लिनक्सवर स्वतःची सिस्टीम बांधून ती यंत्रात घालून विकणारे मकरपुऱ्याचे लहान उद्योजक, त्यांचे इंजिनिअर आणि कलाभवनातला (अभियांत्रिकी महाविद्यालयातला) एक विद्यार्थी. अपस्ट्रीमचे, म्हणजे मूळ ओपन सोर्स प्रकल्पाचे, वेळापत्रक आपल्या हातात नसते, ग्राहकाला दिलेली तारीख मात्र पाळावी लागते. बहुतेकांची तक्रार याच दोन टोकांमधली आहे.

प्रश्न : मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आम्ही कारखान्यांसाठी डेटा गेटवे बनवतो. नवे मॉडेल लाभपाचमीला (दिवाळीनंतरच्या पंचमीला) बाजारात आणू, असे वितरकांना कबूल केले आहे. त्यातल्या नव्या सेन्सर चिपचा ड्रायव्हर (चिप चालवणारा कोड) चिप कंपनीने कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या प्रकल्पाकडे, पाठवला आहे. तिसरी आवृत्ती चर्चेत आहे, पण मर्ज (मूळ कोडमध्ये सामील) झालेली नाही. थांबावे, की आहे तसा घालून मोकळे व्हावे?

थांबून काही हाती लागणार नाही. कर्नलची नवी आवृत्ती साधारण ९ ते १० आठवड्यांनी येते. पहिले दोन आठवडे मर्ज विंडो (नवे काम घेण्याची मुदत) उघडी असते, मग दर आठवड्याला एक आरसी (चाचणीची आवृत्ती) निघते आणि सातव्या किंवा आठव्या आरसीनंतर अंतिम आवृत्ती. मर्ज विंडोत जे शिरते ते मेन्टेनरच्या (त्या भागाचा कोड सांभाळणाऱ्याच्या) ट्रीमध्ये, म्हणजे कोडसंग्रहात, आधीच येऊन बसलेले असते. बरेच मेन्टेनर आरसी-६ च्या सुमारास पुढच्या विंडोसाठी नवे काम घेणे थांबवतात. आज आरसी-२ असेल आणि ड्रायव्हर महिन्याभरात मान्य झाला, तरी तो ज्यात आहे अशी अंतिम आवृत्ती यायला सुमारे १५ आठवडे लागतील. मान्यता आरसी-७ ला मिळाली तर एक पूर्ण फेरी हुकली, म्हणजे आणखी ९-१० आठवडे.

शिवाय ती आवृत्ती तुमच्या कामाची असेलच असे नाही. विकायच्या यंत्रात एलटीएस (दीर्घकाळ देखभाल मिळणारा) कर्नल घालावा, आणि एलटीएस वर्षातून एकदाच ठरते, सहसा त्या वर्षातली शेवटची आवृत्ती : ६.१ डिसेंबर २०२२ ची, ६.६ ऑक्टोबर २०२३ ची, ६.१२ नोव्हेंबर २०२४ ची. एलटीएसच्या शाखेत पुढे दुरुस्त्या घेतल्या जातात, नवे ड्रायव्हर नाहीत. तेव्हा मर्ज झाला काय आणि न झाला काय, या यंत्रासाठी तो ड्रायव्हर बॅकपोर्ट करून (जुन्या आवृत्तीत आणून) तुम्हालाच सांभाळायचा आहे. बघायचे एवढेच की त्याचा बाहेरचा आकार पक्का झाला आहे का.

आतला कोड कितीही बदलला तरी बिघडत नाही. घोटाळा होतो तो दोन ठिकाणी. पहिले म्हणजे डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय कुठे जोडले आहे याचे वर्णन) आणि त्यातल्या नावांचे नियम, म्हणजे बाइंडिंग : ‘कंपॅटिबल’चे नाव, इंटरप्टची व्याख्या, प्रॉपर्टींची नावे. चर्चेत ही नावे हमखास बदलतात. दुसरे म्हणजे यूजरस्पेसला, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमना, दिसणारी बाजू : सिसएफएसमधल्या (कर्नल माहिती देतो त्या) फायली, त्यांची एकके, आयओसीटीएल (ड्रायव्हरला द्यायच्या आज्ञा). तिसऱ्या आवृत्तीत तापमान अंशात येत होते आणि मान्य झालेल्या आवृत्तीत मिलिअंशात आले, की तुमच्या ॲपला विकलेल्या यंत्रांसाठी एक आणि नव्यांसाठी दुसरा असे दोन रस्ते कायमचे सांभाळावे लागतात. म्हणून चर्चा वाचताना बाइंडिंगच्या पॅचवर (कोडबदलावर) डिव्हाइस ट्री मेन्टेनरचा ‘रिव्ह्यूड-बाय’ किंवा ‘अ‍ॅक्ड-बाय’ हा संमतीचा शेरा आला आहे का, ते आधी शोधा. तो आला असेल आणि उरलेले आक्षेप मांडणीचे किंवा एरर हाताळण्याचे असतील, तर खुशाल घ्या. कोणत्या सबसिस्टीममध्ये ठेवायचा यावरच वाद चालू असेल तर हात लावू नका.

आता उलटी मोजणी. लाभपाचमीच्या पाच आठवडे आधी घटस्थापना, साडेतीन आठवडे आधी दसरा. उत्पादनाकडे अंतिम इमेज (यंत्रात भरायचे पूर्ण सॉफ्टवेअर) दसऱ्यानंतर लगेच गेली पाहिजे, कारण दिवाळीपासून लाभपाचमीपर्यंत निम्मी वसाहत बंद असते. त्याआधी ग्राहकांच्या दोन-तीन जागी चार आठवड्यांची चाचणी हवी, पण ती नेमकी नवरात्रात येते. नवरात्रात बडोद्यात संध्याकाळी सातनंतर कोणी सिरिअल कन्सोलसमोर बसेल, ही अपेक्षा सोडा आणि चाचणी पाच आठवड्यांची धरा. म्हणजे कोड फ्रीझ (कोड बदलणे बंद) लाभपाचमीच्या नऊ आठवडे आधी, फीचर फ्रीझ (नवी सोय घेणे बंद) तेरा आठवडे आधी, आणि कर्नल व बाकीचा बेस पिन करणे (आवृत्ती पक्की करणे) अठरा आठवडे आधी. ड्रायव्हरचा फैसला फीचर फ्रीझच्या दिवशी करायचा, एक दिवसही पुढे नाही.

त्या दिवशी उत्तर ‘नाही’ आले तर चिप बोर्डावर राहू द्या, कर्नलच्या कॉन्फिगमध्ये ड्रायव्हर बंद ठेवा आणि ती सोय पुढच्या अपडेटने देऊ, असे वितरकाला त्याच आठवड्यात कळवा. उत्तर ‘हो’ असेल तर ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून बांधा, डीटीबी (डिव्हाइस ट्रीची बांधलेली फाइल) कर्नलबरोबर एकाच इमेजमध्ये ठेवा (दोन्ही एकत्र बदलले पाहिजेत) आणि चिप कंपनीचे पॅच जसेच्या तसे, एकेक वेगळे, मूळ चर्चेच्या दुव्यासह ट्रीमध्ये घ्या. पुढे मान्य झालेली आवृत्ती आली की जुनी मालिका पूर्ण काढून टाका आणि नवी ‘गिट चेरी-पिक’ला ‘-एक्स’ जोडून घ्या, म्हणजे मूळ कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) क्रमांक संदेशात राहतो. जुन्यावर फरकाचे ठिगळ लावत बसलात तर वर्षभराने कोणती ओळ कुठून आली, हे कोणालाच सांगता येत नाही.

प्रश्न : मांडवी भागातल्या दुकानांना आम्ही बिलिंग टर्मिनल देतो, पाच वर्षांच्या देखभालीसह. पूर्वी त्यांत सेंटओएस हे लिनक्स होते. आता डेबियन, उबुंटू एलटीएस की सेंटओएस स्ट्रीम?

सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील असे धरून अनेकांनी बेत आखले होते. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले की ते ३१ डिसेंबर २०२१ लाच थांबतील. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली. स्ट्रीम म्हणजे रेड हॅटच्या पुढच्या मायनर रिलीझची तयारी जिथे उघड्यावर चालते ती शाखा. तुमचे ग्राहक रेड हॅट वापरत असतील तर पुढे काय येणार ते सहा महिने आधी तपासायला ती उत्तम आहे. काउंटरवर ठेवायला आम्ही ती सुचवणार नाही.

डेबियन १२ जून २०२३ मध्ये आली, १३ ऑगस्ट २०२५ मध्ये. प्रत्येकीला तीन वर्षे नेहमीची देखभाल आणि त्यानंतर एलटीएस गटाकडून सुमारे दोन वर्षे. उबुंटू एलटीएस सम वर्षांच्या एप्रिलमध्ये येते, देखभाल पाच वर्षे, ‘प्रो’ या सेवेची वर्गणी भरली तर दहा. कागदावर दोन्हीकडे पाच वर्षे दिसतात, पण तुम्ही टर्मिनल रिलीझच्या दिवशी विकत नाही. २०२६ च्या अखेरीस विकलेले टर्मिनल २०३१ च्या अखेरपर्यंत चालवायचे, आणि डेबियन १३ ची एलटीएस मुदत २०३० च्या मध्यात संपते. वर्गणी न भरता पाच वर्षांची हमी द्यायची असेल तर दुकानात बसलेल्या यंत्रावर एक मोठा अपग्रेड गृहीत धराच, आणि त्याचे पैसे आजच्या किमतीत घाला.

उबुंटूत आणखी एक मेख आहे. पाच वर्षांची फुकट हमी ‘मेन’ या मुख्य संग्रहातल्या पॅकेजांना आहे, ‘युनिव्हर्स’ या समुदायाच्या संग्रहातल्यांना तशी हमी प्रोसह मिळते. ‘प्रो सिक्युरिटी-स्टेटस’ ही आज्ञा चालवली की तुमच्या इमेजमधली किती पॅकेजे कुठली आहेत ते दिसते. डेबियनवर कोणत्या पॅकेजांची देखभाल मर्यादित किंवा बंद आहे ते ‘चेक-सपोर्ट-स्टेटस’ दाखवते. नवीन एलटीएसचे ‘.१’ (पहिले दुरुस्त रिलीझ) येईपर्यंत थांबा. उबुंटू स्वतःही जुन्या एलटीएसवरून थेट उडी त्यानंतरच सुचवते.

अपग्रेडसाठी १६ जीबी ईएमएमसी (यंत्रातली साठवण चिप) असेल तर ४-४ जीबीची दोन रूट पार्टिशन (एकावर चालू सिस्टीम, दुसऱ्यावर नवी) आणि उरलेल्यात डेटा, अशी विभागणी पहिल्या दिवसापासून करा. नवी बाजू तीन वेळा बूट झाली नाही तर यू-बूट (यंत्र सुरू करणारा प्रोग्रॅम) जुन्या बाजूला परतेल अशी मर्यादा घाला. इथे फसण्याची जागा वेगळीच असते : नव्या ॲपने डेटाबेसची रचना बदलली, मग यंत्र जुन्या बाजूला परतले, आणि जुन्या ॲपला ती रचना वाचता येईना. दुकान बंद. म्हणून आधीच्या रिलीझमध्ये दोन्ही रचना वाचणारे ॲप पाठवा आणि रचना त्याच्या पुढच्या रिलीझमध्ये बदला.

प्रश्न : ग्राहकाच्या ऑडिटरने स्कॅन करून ‘ओपनएसएसएच ९.२ जुने आहे, सीव्हीई-२०२४-६३८७ लागू, ९.८ बसवा’ असा शेरा मारला आहे (ओपनएसएसएच म्हणजे दुरून लॉगिन करायची सोय, सीव्हीई म्हणजे सुरक्षादोषाचा क्रमांक). यंत्र डेबियन १२ वर आहे आणि सर्व अपडेट घेतलेले आहेत. ९.८ स्वतः बांधून घालावे का?

अजिबात नको. स्वतः बांधलेत की पुढच्या प्रत्येक दुरुस्तीची जबाबदारी तुमची.

व्यावसायिक आणि स्थिर वितरणे आवृत्तीचा आकडा गोठवतात आणि फक्त दुरुस्ती मागे आणतात. अपस्ट्रीमने हा दोष १ जुलै २०२४ ला ९.८ मध्ये काढला. डेबियनने तीच दुरुस्ती ‘९.२पी१-२+डेब१२यू३’ या पॅकेजात दिली. शेवटचा ‘यू३’ महत्त्वाचा, आणि स्कॅनर नेमका तोच वाचत नाही. तो पोर्ट २२ वरचे बॅनर (सर्व्हर स्वतःची देतो ती ओळख) बघून ‘९.२’ एवढेच टिपतो. ऑडिटरला तीन गोष्टी द्या : ‘डीपीकेजी -एल’मधली पूर्ण आवृत्ती, ‘ॲप्ट चेंजलॉग ओपनएसएसएच-सर्व्हर’मधली त्या सीव्हीईची ओळ, आणि डेबियनच्या सिक्युरिटी ट्रॅकरवरील त्या क्रमांकाचे पान. रेड हॅटच्या घराण्यात ‘आरपीएम -क्यू --चेंजलॉग’. शक्य असेल तर लॉगिन करून पॅकेजांची यादी वाचणारा स्कॅन मागून घ्या, मग हा तंटाच उरत नाही.

अपडेटनंतर एसएसएचडी (ओपनएसएसएचचा सर्व्हर) पुन्हा सुरू झाला आहे ना, तेही बघा. डिस्कवरचे पॅकेज नवे आणि मेमरीतली प्रक्रिया जुनी, हे महिनोन्‌महिने न रीबूट होणाऱ्या यंत्रांत सर्रास असते.

प्रश्न : माझ्याकडे दोन इंजिनिअर आहेत. त्यांनी पॅच अपस्ट्रीमला पाठवण्यात आठवड्याचा एक दिवस घालवायचा म्हणतात. पगार मी द्यायचा आणि फायदा जगाला, हे कसे?

हिशेब पगाराचाच करा. अपस्ट्रीमला न गेलेला प्रत्येक पॅच म्हणजे व्याजाने घेतलेली रक्कम. मुद्दल फिटेपर्यंत हप्ते चालूच. समजा तुमच्याकडे ४० पॅच आहेत आणि ६.१ वरून ६.१२ वर जायचे आहे. यातले निम्मे तसेच बसतील, काहींना थोडे हात लावावे लागतील, आणि चार-पाच असे असतील की ज्याच्यावर ते बसत होते ते फंक्शनच नाहीसे झालेले असेल. ते चार-पाच पॅच पुन्हा लिहून पुन्हा तपासावे लागतात, तेही ज्याने लिहिले तो नोकरी सोडून गेल्यावर. दोन वर्षांनी पुन्हा तेच.

तरीही सगळे पॅच पाठवायला निघू नका. आधी वर्गवारी. योक्टोमध्ये (यंत्रासाठी लिनक्स बांधायच्या साधनात) प्रत्येक पॅचच्या माथ्यावर ‘अपस्ट्रीम-स्टेटस’ लिहायची रीत आहे : पेंडिंग, सबमिटेड, बॅकपोर्ट, डिनाइड, इनअ‍ॅप्रोप्रिएट. योक्टो वापरत नसाल तरी ही रीत उचला. ‘बॅकपोर्ट’ पुढच्या उडीत आपोआप गळतात. कंपनीचा लोगो, तुमच्याच बोर्डाच्या सवयी हे ‘इनअ‍ॅप्रोप्रिएट’. ते राहू द्या. खरा खर्च ‘पेंडिंग’चा. त्यातले दोषदुरुस्तीचे आधी पाठवा, कारण ‘फिक्सेस’ची ओळ आणि स्टेबलला (आलेल्या आवृत्त्यांत दुरुस्त्या घालणाऱ्या गटाला) प्रत जोडलेला छोटा पॅच मेनलाइनमध्ये (मूळ कर्नलमध्ये) गेला की जुन्या एलटीएसमध्येही पोहोचतो. स्टेबलचा नियम आहे की बदल आधी मेनलाइनमध्ये हवा आणि संदर्भासह १०० ओळींच्या आत हवा.

पहिला पॅच कोडमुळे क्वचितच परत येतो, बाकीच्याच गोष्टींमुळे येतो. आउटलुकमधून पाठवला की टॅबचे स्पेस होतात आणि पॅच लागतच नाही. ‘गिट सेंड-ईमेल’ किंवा ‘बी४’ वापरा. कंपनीच्या मेल सर्व्हरने खाली चिकटवलेली ‘हा मजकूर गोपनीय आहे’ ही तळटीप बंद करून घ्या, ती असलेले पॅच मेन्टेनर बाजूला टाकतात. ‘चेकपॅच’ चालवा, ‘गेट-मेन्टेनर’ जी नावे देईल त्यांना पाठवा, आणि दुरुस्ती व साफसफाई एकाच पॅचमध्ये मिसळू नका. ‘साइन्ड-ऑफ-बाय’ लिहिणारा इंजिनिअर हा कोड देण्याचा आपल्याला अधिकार आहे असे लिहून देत असतो. तो अधिकार मालक म्हणून तुमच्याकडे आहे, तेव्हा त्याला एका ओळीची लेखी परवानगी द्या. उत्तर आले नाही तर किमान आठवडाभर थांबून आठवण करावी, मर्ज विंडो चालू असेल तर ती संपल्यावर.

आठवड्याचा एक दिवस दोघांपैकी एकालाच द्या आणि तो रिलीझच्या शेवटच्या सहा आठवड्यांत रद्द करा. बाकीच्या काळात रद्द करू नका.

प्रश्न : फेडोराची (रेड हॅटच्या पाठबळावरच्या फुकट लिनक्सची) तारीख कधीकधी पुढे जाते, डेबियन तर नक्की तारीख अगदी शेवटी सांगते. मग रेड हॅटसारखी कंपनी त्यावर आपले रिलीझ कसे आखते? (विद्यार्थी, कलाभवन)

ती फेडोराच्या तारखेवर काही टांगत नाही. एक फेडोरा निवडते आणि तिथून पुढचे वर्षभर स्वतः घालवते. आरएचईएल (रेड हॅटचे विक्रीचे लिनक्स) ८ फेडोरा २८ वरून आले, ९ फेडोरा ३४ वरून, १० फेडोरा ४० वरून. तिन्ही वेळा मधले अंतर साधारण एका वर्षाचे. २०१९, २०२२, २०२५ हा तीन वर्षांचा ठेकाही पाळला गेला. फेडोराचे ‘गो/नो-गो’ (रिलीझ करायचे की नाही हा निर्णय) एखाद्या ब्लॉकरमुळे (रिलीझ अडवणाऱ्या दोषामुळे) आठवडाभर हुकले तरी बारा महिन्यांत ते बुडून जाते.

या गाळणीचा उपयोग २९ मार्च २०२४ ला दिसला. एक्सझेड या फायली आवळणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचे दार घुसवलेले आहे, हे आंद्रेस फ्रॉइंड यांनी एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा माग काढताना शोधले. डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंगमध्ये, फेडोराच्या तयारीतल्या शाखांत ते पोहोचले होते. डेबियन स्टेबलमध्ये आणि आरएचईएलमध्ये नव्हते. उबुंटू २४.०४ चा बीटा त्यामुळे आठवडाभर लांबला, अंतिम रिलीझ मात्र ठरल्याप्रमाणे २५ एप्रिललाच झाले. तारखेला जागणाऱ्या उबुंटूचीही २००६ ची पहिली एलटीएस सहा आठवडे उशिरा, जूनमध्ये आली होती. तिचा आकडा ६.०६ आहे तो त्यामुळेच.

प्रश्न : स्पर्धकांना कळू नये म्हणून रिलीझपर्यंत काम गुप्त ठेवले तर जीपीएल या ओपन सोर्स परवान्याचा भंग होतो का?

नाही. जीपीएलची बंधने यंत्र दुसऱ्याच्या हाती जाते तेव्हा लागतात. आत काय शिजते आहे ते दाखवायची सक्ती नाही. तोटा वेगळा आहे : गुप्त ठेवलेला कोड रिलीझनंतर पाठवला आणि मेन्टेनरने इंटरफेसच नाकारला, तर वर सांगितलेली दोन रस्त्यांची कटकट आलीच. कामाचे दोन भाग करा. चिपचा ड्रायव्हर, सर्वसाधारण दुरुस्त्या हे आधीच उघड पाठवा. त्यावरून तुमचे यंत्र कोणते हे कळत नाही. इंटेल आणि एएमडी नव्या प्रोसेसरचा कोड बाजारात येण्याच्या कितीतरी आधी कर्नलमध्ये देत असतात. बोर्डाची डिव्हाइस ट्री आणि तुमचे ॲप तेवढे झाकून ठेवा.

विक्री सुरू होईल त्या दिवशी सोर्स तयार हवा. जीपीएल-२ नुसार तो यंत्रासोबत द्या किंवा किमान तीन वर्षे लागू राहील असा लेखी प्रस्ताव द्या. त्यात बांधणी आणि इन्स्टॉलच्या स्क्रिप्टही येतात, नुसता कर्नलचा टारबॉल (सोर्सची एकत्र बांधलेली फाइल) चालत नाही. योक्टोचा सोर्स साठवणारा ‘आर्काइव्हर’ क्लास रिलीझच्याच बिल्डला चालू ठेवा, कारण वर्षभराने मागितल्यावर काही टारबॉल मूळ जागी नसतात. मग तो सोर्स टीमबाहेरच्या माणसाला कोऱ्या मशीनवर बांधायला द्या. पहिल्या वेळी तो बांधला जात नाही, असाच अनुभव बहुतेकांना येतो. सहसा कुणाच्या तरी होम डिरेक्टरीतली एखादी फाइल राहिलेली असते.

प्रश्न : आमचे गेटवे जर्मनीला जातात. युरोपच्या नव्या सायबर कायद्याने रिलीझच्या बेतात काय बदलते?

सायबर रेझिलियन्स ॲक्ट १० डिसेंबर २०२४ ला अंमलात आला. मुख्य अटी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू. कळवण्याची अट मात्र ११ सप्टेंबर २०२६ पासून, आणि ती आधी विकलेल्या यंत्रांनाही आहे. तुमच्या यंत्रातल्या एखाद्या दोषाचा प्रत्यक्ष गैरवापर होतो आहे असे कळले की २४ तासांत प्राथमिक सूचना आणि ७२ तासांत तपशील. देखभालीचा काळ सहसा किमान पाच वर्षे धरावा लागतो, म्हणून बिलिंग टर्मिनलवाल्यांना दिलेला मुदतीचा हिशेब तुम्हालाही लागू.

दोष ओपन सोर्स घटकात सापडला तर तो त्या घटकाच्या मेन्टेनरला कळवणे, आणि दुरुस्ती केली असेल तर ती त्याला देणे, हेही या कायद्यात आहे. म्हणजे अपस्ट्रीमला पाठवायचा दिवस आता निर्यातदाराच्या कामाचाच भाग झाला. प्रत्येक रिलीझबरोबर एसबीओएम (आतल्या सर्व सॉफ्टवेअर घटकांची यादी) काढून ठेवा. योक्टोत ‘क्रिएट-एसपीडीएक्स’ हा क्लास ते करतो. बिल्ड क्रमांक, एसबीओएम आणि कोणत्या ग्राहकाकडे कोणता बिल्ड आहे याची यादी एकाच ठिकाणी ठेवा. चोवीस तासांत उत्तर द्यायची वेळ आली की पहिला प्रश्न ‘ही लायब्ररी कोणकोणत्या यंत्रात आहे?’ हाच येतो. ग्राहकांची यादी विक्री विभागाच्या एक्सेलमध्ये आणि बिल्डची नोंद एका इंजिनिअरच्या लॅपटॉपवर असेल, तर निम्मा दिवस फोन करण्यातच जाईल.